१ जून, पाटील आणि परदेशातल्या याद्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ज्यानं काही केलंच नाही, त्याला कसली भीती?’ सुरक्षेसाठी सरकारं नागरिकांची माहिती एकमेकांना देतात हा विषय निघाला, की चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हेच वाक्य कानावर येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पासपोर्ट-व्हिसाचे अर्ज भरून देणारे आणि तिकिटं काढून देणारे आम्ही काही जण या वाक्याला एक पुरवणी जोडतो. ज्यानं काही केलं नाही, पण ज्याचं नाव मारुती पाटील आणि कागदावरची जन्मतारीख १ जून १९६५, त्यानं थोडी काळजी घ्यावी.

१ जूनच का, हे या भागात कुणाला सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन आई-वडील यायचे, जन्माची नोंद कुठंच नसायची, आणि गुरुजी वय अंदाजानं धरून १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळेच्या दाखल्यावरची तीच तारीख पुढे रेशन कार्डावर, आधारवर आणि पासपोर्टवर गेली. आज पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसांचा कुठलाही गठ्ठा उघडा, १ जूनचे वाढदिवस ओळीनं सापडतील. गावात याची गंमत वाटते. परदेशातल्या विमानतळावरच्या संगणकाला मात्र माणूस ओळखायला मुख्यतः दोनच गोष्टी हाताशी असतात, नाव आणि जन्मतारीख. दुसरी आपल्याकडे अर्धीअधिक निकामी झालेली असते. पहिलीचं काय होतं ते पुढे सांगतो.

आधी ही माहिती बाहेर जाते कुठल्या वाटांनी, ते थोडक्यात. व्हिसा मागताना आपण स्वतःच देतो, ती पहिली वाट. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि ते युरोपच्या व्हिसा यंत्रणेत पाच वर्षं राहतात. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि आत-बाहेर गेल्याची नोंदही होऊ लागली असून ती साधारण तीन वर्षं ठेवली जाते. अमेरिकेत परदेशी माणसाचे ठसे तब्बल ७५ वर्षं जपले जातात, म्हणजे माणूस गेला तरी ठसे जागेवर. कॅनडाच्या व्हिसासाठी दिलेले ठसे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या नोंदींशी ताडून पाहता येतात, कारण या पाच देशांचं आपसात तसं ठरलेलं आहे. दुसरी वाट विमान कंपनीची. तिसरी थेट सरकार ते सरकार: संशयित अतिरेक्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करायचं भारत आणि अमेरिकेत जून २०१६ मध्ये ठरलं, आणि इंटरपोलच्या नोटिसा भारतात सीबीआयमार्फत येतात-जातात.

यातली विमान कंपनीची वाट सगळ्यांत रुंद आणि सगळ्यांत कमी माहीत असलेली. रेल्वेचा पीएनआर म्हणजे दहा आकडी नंबर, एवढंच आपल्याला ठाऊक. विमानाचा पीएनआर दिसतो सहा अक्षरांचा, पण त्यामागे अख्खी फाईल असते: तिकीट कधी काढलं, कुणी काढलं, पैसे कसे भरले, फोन नंबर, ईमेल, सोबत कोण, सीट कुठली, बॅगा किती, आणि एजंटनं टाकलेले शेरे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं डिसेंबर २०१७ मध्ये ठराव क्रमांक २३९६ करून सगळ्या देशांना ही माहिती गोळा करायची व्यवस्था उभारायला सांगितली. भारतात त्यासाठीचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये सीमाशुल्क कायद्याखाली निघाले. विमान सुटायच्या २४ तास आधी आणि पुन्हा सुटताना कंपनीनं पीएनआर सीमाशुल्क विभागाच्या केंद्राकडे पाठवायचा, तो तिथं पाच वर्षं राहतो, आणि प्रकरण पाहून दुसऱ्या देशाच्या यंत्रणेलाही देता येतो. न दिल्यास कंपनीला प्रत्येक चुकीमागं २५ ते ५० हजार रुपये दंड. या माहितीवरून प्रवाशाची जात-वंश, धर्म, राजकीय मत, प्रकृती हुडकायची नाही असंही त्या नियमांत आहे, आणि ते चांगलं आहे. प्रवाशाला स्वतःचीच नोंद बघायची किंवा दुरुस्त करून घ्यायची असेल तर दार कुठलं, ते मात्र त्यात सापडत नाही.

आता नाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मध्ये बाणाच्या टोकासारख्या खुणा. विमानतळावरचं यंत्र वाचतं ते हेच. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागं प्रत्येकी एक तपासणीचा आकडा असतो. तो कसा काढतात ते वहीवर करून बघण्यासारखं आहे. १ जून १९६५ ही तारीख तिथं ६५०६०१ अशी असते. आकड्यांना डावीकडून ओळीनं ७, ३, १, ७, ३, १ नं गुणा: ४२, १५, ०, ४२, ०, १. बेरीज १००. दहानं भागून बाकी शून्य, म्हणून पुढे शून्य छापलेलं असतं. कुणी चुकून १० जून टाकलं तर बेरीज १०२ होते, बाकी दोन उरते आणि यंत्र लगेच ओरडतं. आकड्यांची चूक अशी जागच्या जागी पकडली जाते.

नाव असतं पहिल्या ओळीत. तिच्यात तपासणीचा आकडाच नाही. नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर यंत्राला पत्ता लागत नाही. ते नाव म्हणजे दुसरा माणूस, एवढंच त्याला कळतं. देश आणि कागदाचा प्रकार सांगणारी पाच अक्षरं सोडली, की नावाला जागा उरते ३९ घरांची. आधी आडनाव, मग दोन खुणा, मग नाव आणि वडिलांचं नाव. लांबलचक नावांचं शेपूट इथं कापलं जातं.

सीमाभागाची खरी अडचण या ओळीत आहे. आपल्या नावाला दोन लिप्यांतून आणि दोन राज्यांच्या सवयींतून इंग्रजीत जावं लागतं. मराठी शाळेतला ‘ज्ञानेश्वर’ महाराष्ट्राच्या रिवाजानं इंग्रजीत ‘डी-एन-वाय’नं सुरू होतो. तोच कर्नाटकच्या दहावीच्या मार्क्स कार्डवर ‘जे-एन’नं येतो, कधी ‘जी-एन’नं. विठ्ठलमध्ये टी किती आणि एच आहे की नाही, यावर एकाच घरात तीन मतं असतात. लक्ष्मणला आपण ‘एक्स’ लावतो, कन्नड लिपीतून उतरवणारा ‘के-एस-एच’ लावतो आणि शेवटी एक ‘ए’ जोडतो. परशरामचा परशुराम होतो. महाराष्ट्रातल्या शिनोळीचा भाऊ आणि कर्नाटकातल्या बाचीचा भाऊ एकाच आजोबाचे नातू असले तरी एकाचा अर्ज पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडे जातो, दुसऱ्याचा बेंगळुरूच्या, आणि आडनाव दोन्हीकडे एकसारखंच उतरेल याची खात्री नाही. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते सर्वोच्च न्यायालयात होईल. नावांचा निकाल रोज टेबलाटेबलावर लागतोच आहे.

नावं ताडून बघायच्या पद्धती इंग्रजी कानासाठी घडलेल्या. त्यांतली सगळ्यांत जुनी आणि नमुनेदार म्हणजे साउंडेक्स, १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेली. आज यापेक्षा हुशार पद्धती वापरात आहेत, पण दुखणं कसं असतं ते हिच्यात स्वच्छ दिसतं. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि त्यांच्यासारखी अक्षरं गाळायची, उरलेल्या व्यंजनांना १ ते ६ पैकी आकडा द्यायचा, तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य लावायचं. टीला ३, एलला ४. पाटील झाला ‘पी ३४०’. आणि गुजरातचा पटेल? तोही ‘पी ३४०’. ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही ते एका खोक्यात. आता ज्ञानेश्वर घ्या. डीनं लिहिला तर ‘डी ५५२’, जेनं लिहिला तर ‘जे ५५२’, जीनं लिहिला तर ‘जी ५५२’. पहिलं अक्षर बदललं म्हणजे खोकं बदललं, एकाच माणसाचे तीन झाले. भोसले ‘बी २४०’ आणि मध्ये ‘एन’ घालून लिहिणारे भोंसले ‘बी ५२४’.

दोन्ही तऱ्हेनं नुकसान. वेगळे ते एक होतात तेव्हा निरपराध माणूस अडकतो. एकच माणूस तीन ठिकाणी विखुरतो तेव्हा ज्याला अडवायला हवं तो सुटतो. २६/११ च्या आधी मुंबईत येऊन टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीनं २००६ मध्ये अमेरिकेत कायदेशीर मार्गानं दाऊद गिलानी हे नाव टाकून नवं नाव घेतलं आणि त्या नावाच्या पासपोर्टवर तो पुन्हापुन्हा भारतात आला. तेव्हा देशांनी एकमेकांना माहिती द्यावी की नाही, हा आमच्या लेखी वादच नाही. द्यावी. पण नावाच्या भरवशावर चालणारी देवाणघेवाण दोन्ही टोकांनी गळते, हे मान्य करून द्यावी.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आलं. त्याआधीच्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेळगाम’, नंतरच्यावर ‘बेळगावी’. आपण बोलताना बेळगाव म्हणतो ते तिसरंच. जुन्या व्हिसाची नोंद परदेशात एका स्पेलिंगनं, नवी दुसऱ्यानं. व्हिसाच्या अर्जात पूर्वीचा पासपोर्ट विचारतात तिथं जुन्यावर जसं होतं तसंच, अक्षरन् अक्षर लिहावं. ‘आता बदललंय’ म्हणून सुधारू नये. खानापूरवाल्यांना आणखी एक अडचण आहे. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे. जन्मस्थानाच्या रकान्यात नुसतं खानापूर न लिहिता जिल्हा आणि राज्याचा रकाना नीट भरावा.

मग ठसे घेतले की झालं ना, असं कुणी म्हणेल. बऱ्याच अंशी खरं आहे. पण वडगाव-शहापूरचे विणकर, उद्यमबागच्या फाउंड्रीत हात घातलेले कामगार, गवंडी, ऊसतोडीला जाणारे, यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आधारच्या वेळी रेशन दुकानात जे झालं तेच व्हिसा केंद्रात होतं: यंत्र ठसा घेतं, पण तो फिका असतो, आणि फिका ठसा पुढे ताडून बघताना धड जुळत नाही की धड वेगळाही ठरत नाही. अशा माणसानं ठसे द्यायच्या आधीचे आठ-दहा दिवस चुना-सिमेंटपासून हात लांब ठेवावेत आणि रात्री खोबरेल चोळावं. ठसे देताना मात्र बोटं कोरडी पुसलेली हवीत.

पीएनआरबद्दल एक गोष्ट सांगताना आमच्याच धंद्याकडे बोट दाखवावं लागतं. तिकीट काढताना प्रवाशाचा मोबाईल आणि ईमेल मागतात. आमच्यातले बरेच जण सोयीसाठी स्वतःचाच टाकतात: वेळ बदलल्याचा मेसेज आपल्याला यावा, म्हाताऱ्या प्रवाशाला कुठं कळणार, हा हेतू. हेतू चांगलाच. पण पशुपतिनाथला निघालेली चाळीस माणसं, आखाती देशात कामाला जाणारे पंचवीस, उमराला जाणारा गट, या सगळ्यांच्या नोंदीवर एकच मोबाईल आणि पैसे भरलेलं एकच कार्ड. विश्लेषण करणाऱ्या यंत्राला त्यातून दिसतं ते असं: एका नंबरभोवती जमलेलं शंभर जणांचं जाळं. त्यातला एक जण उद्या कुठल्या यादीत सापडला, तर उरलेले नव्व्याण्णव त्याचे ‘संपर्कातले’.

हे काल्पनिक वाटत असेल त्यांनी कर्नाटकच्याच डॉ. मोहम्मद हनीफ यांचं प्रकरण आठवावं. ब्रिटन सोडताना त्यांनी आपलं मोबाईलचं सिम कार्ड नात्यातल्या भावाला देऊन टाकलं होतं. ३० जून २००७ ला ग्लासगो विमानतळावर हल्ला झाला, त्या भावाचं नाव पुढं आलं, ब्रिटनमधली माहिती ऑस्ट्रेलियात पोचली आणि ब्रिस्बेन विमानतळावर डॉक्टरांना ताब्यात घेतलं. बारा दिवस आरोप न ठेवता कोठडी. नंतर आरोप ठेवला तेव्हा न्यायालयाला सांगितलं की ते सिम हल्ल्याच्या जीपमध्ये सापडलं. प्रत्यक्षात ते सापडलं होतं लिव्हरपूलला, ग्लासगोपासून शेकडो किलोमीटरवर. आरोप जुलै २००७ मध्येच मागं घेतला गेला, चौकशी झाली, २०१० मध्ये भरपाईही मिळाली. एक सिम कार्ड, आणि ते कुठं सापडलं या माहितीत एक चूक. चूक करणारे सगळे प्रशिक्षित, अनुभवी लोक होते.

दुसरं प्रकरण कॅनडाचे नागरिक माहेर अरार यांचं. कॅनडाच्या पोलिसांनी त्यांच्याविषयी नीट न पडताळलेली माहिती अमेरिकेला दिली, तीही ‘आम्हाला विचारल्याशिवाय हिच्यावरून कारवाई करू नका’ अशी अट न घालता. सप्टेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्कला विमान बदलताना त्यांना अडवलं आणि सीरियात धाडलं. तिथं त्यांनी जवळपास वर्षभर तुरुंगात छळ सोसला. २००६ मध्ये कॅनडाच्या चौकशी आयोगानं त्यांना स्वच्छ ठरवलं, २००७ मध्ये सरकारनं माफी मागून १ कोटी ५ लाख डॉलर दिले. तरीही अमेरिकेनं त्यांचं नाव आपल्या यादीतून काढलं नाही. माहिती पाठवणाऱ्या देशानंच ‘आमचं चुकलं’ म्हटलं, तरी ती घेणाऱ्या देशाची नोंद जागची हलली नाही.

आमच्या मते कळीचा मुद्दा हा आहे. पाळत, गुप्तता वगैरे शब्द मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. साधी गोष्ट अशी, की माहिती सीमेपलीकडे एका दिवसात जाते आणि तिच्यातली दुरुस्ती जातच नाही. बेळगावच्या केंद्रात पासपोर्टवरचं नाव सुधारून घेतलं, तरी जुन्या नावानं परदेशात गेलेल्या नोंदी जुन्याच राहतात. अमेरिकेकडे पीएनआर आधी पाच वर्षं चालू यादीत आणि मग दहा वर्षांपर्यंत बाजूला ठेवलेला राहतो. म्हणजे आज चुकीचं गेलेलं अक्षर पंधरा वर्षं टिकू शकतं.

आणि चुका थोड्या असतात असंही नाही. युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गच्या न्यायालयानं २१ जून २०२२ च्या निकालात नोंदलं आहे, की २०१८ आणि २०१९ मध्ये पीएनआर यंत्रानं ‘जुळतं’ म्हणून वर काढलेल्या सहा माणसांपैकी किमान पाच माणसं तपासाअंती भलतीच निघाली. त्यामुळे यंत्रानं काढलेलं प्रत्येक नाव माणसानं तपासायलाच हवं, आणि सगळ्याच प्रवाशांची माहिती सरसकट पाच वर्षं ठेवता येणार नाही, असं त्या न्यायालयानं बजावलं. त्याच न्यायालयानं २०१७ मध्ये कॅनडाबरोबरचा पीएनआर करार आहे त्या रूपात करता येणार नाही असं म्हटलं होतं. विमानातल्या जेवणाच्या निवडीवरूनसुद्धा धर्म ओळखता येतो, हाही त्यातला एक मुद्दा. जैन जेवण, हिंदू जेवण, मुस्लिम जेवण यांचे चार अक्षरी कोड आम्ही रोज टाकतो. ज्याला जेवणाचा काही आग्रह नाही त्याच्या नोंदीत ते उगाच टाकू नयेत.

आपल्याकडे खासगीपणाचा मूलभूत हक्क ज्या खटल्यात मान्य झाला तो कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावानं ओळखला जातो: नऊ न्यायाधीशांचं पीठ, २४ ऑगस्ट २०१७. हक्काला मुरड घालायची तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि मुरड गरजेपुरतीच हवी, असं त्यात ठरलं. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं नोंद दुरुस्त करून घ्यायचा हक्क दिला. पण त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार देशाची सुरक्षा आणि परदेशांशी मैत्रीचे संबंध यांसाठी केंद्र ज्या यंत्रणांना अधिसूचना काढून वगळेल, त्यांना तो लागूच होत नाही. माहितीच्या अधिकाराचंही तेच: गुप्तचर विभाग, सीबीआय आणि वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडणारी नॅटग्रिड या संस्था भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडल्यास त्या कायद्याबाहेर. इथं विचारायला गेलं तर दार बंद, आणि परदेशात काही दारं उघडी, असा उलटा प्रकार आहे.

ती दारं कुठली, हे सांगणं उपयोगाचं. इंटरपोलकडे आपल्या नावाची नोंद आहे का हे विचारायला फ्रान्समध्ये लिऑनला एक स्वतंत्र आयोग आहे. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबीत करायचा, सोबत ओळखपत्राची प्रत जोडायची, फी नाही. अर्ज दाखल करून घेतल्यावर माहिती आहे-नाही याचा निर्णय चार महिन्यांत आणि नोंद काढण्याच्या अर्जाचा नऊ महिन्यांत करायचा असा त्यांचा नियम आहे. शेंगेनच्या यादीत नाव असल्याचा संशय असेल तर त्यातल्या कुठल्याही एका देशाकडे विचारणा करता येते, त्यासाठी युरोपचं नागरिक असावं लागत नाही. अमेरिकेच्या विमानतळावर दर वेळी बाजूला घेऊन तासन्‌तास बसवत असतील, तर तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याची ‘ट्रिप’ नावाची तक्रार-सोय ऑनलाइन आहे. पासपोर्टची प्रत आणि कधी-कुठं अडवलं याचा तपशील भरायचा. शेवटी सात आकडी रिड्रेस नंबर मिळतो, तो पुढच्या प्रत्येक तिकिटात घालायला एजंटला सांगायचं. तो नंबर म्हणजे ‘हा तो पाटील नव्हे’ असा शेरा. हे सगळं फुकट आहे; यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

या दारांपर्यंत जायची वेळच येऊ नये म्हणून पासपोर्टच्या वेळीच काय बघायचं? आडनावाचा आणि नावाचा, दोन्ही रकाने भरा. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव लिहायचं की नाही या घोळात बायकांचा एक रकाना कोरा राहतो. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाचा कोड येतो, आणि संयुक्त अरब अमिरातीनं २१ नोव्हेंबर २०२२ पासून एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देणंच थांबवलं. वडिलांचं नाव दुसऱ्या पानावर असलं तर चालेल, हा खुलासा मागाहून आला. नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही घाला. पाटील, मारुती, परशराम मिळून खुणांसह २३ घरं भरतात, ३९ मध्ये आरामात बसतात, आणि मारुती पाटलांच्या गर्दीत परशरामचा मारुती वेगळा दिसतो. १ जूनवाल्यांना तर हाच एक आधार. स्पेलिंग दहावीच्या मार्क्स कार्डप्रमाणे घ्यायचं की आधारप्रमाणे, हा वाद अर्ज भरायच्या आधी मिटवा. शक्यतो मार्क्स कार्ड धरून आधार सुधारून घ्यावं, कारण मार्क्स कार्ड सुधारायला बेंगळुरूच्या फेऱ्या पडतात. पासपोर्ट हातात आल्यावर काउंटरवरून हलायच्या आधी, किंवा पोस्टानं आला असेल तर पाकीट फोडल्या फोडल्या, खालच्या दोन ओळी अक्षर लावून वाचा. वरचं नाव बरोबर असल्याचं बघून लोक पासपोर्ट मिटतात. चूक असेल तर ‘वैयक्तिक तपशिलात बदल’ म्हणून री-इश्यूचा अर्ज करायचा; ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १५०० रुपये. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो, तो जपून ठेवा, कारण जुन्या नावाच्या नोंदीशी आपला संबंध दाखवणारा तेवढा एकच कागद उरतो.

तिकिटावरही बघायचं असतं. आरक्षणाच्या यंत्रणेत नाव ‘पाटील, तिरकी रेघ, मारुती’ असं टाकतात आणि पुढं श्री. साठी ‘एमआर’ जोडतात. मध्ये जागा न सुटल्यानं छापील तिकिटावर ‘मारुतीएमआर’ असं एकसंध नाव उमटतं. विमान कंपनीला त्याची सवय असते, म्हणून काउंटरवर कुणी अडवत नाही. पण पीएनआरमधून पुढं जाणारं नाव तेच. चूक दिसली तर ‘उद्या निघताना सांगू’ म्हणू नका. २४ तासांची वेळ उलटली की चुकीची नोंद आधीच गेलेली असते आणि सुटताना दुसरी, वेगळी नोंद जाते; म्हणजे बघणाऱ्यासमोर दोन नावांचा एक प्रवासी. दोन दिवस आधी सांगितलंत तर एकच आणि बरोबर नोंद जाईल.

सरकारकडे आमचं मागणं फार नाही. ज्या देशाला एखाद्या नागरिकाची माहिती दिली, त्या देशाला त्याची दुरुस्ती कळवणं हे माहिती देणाऱ्या खात्यावर बंधनकारक करावं, आणि करारात तसं कलम असावं. पीएनआरच्या नियमांत प्रवाशाला दुरुस्तीचा अर्ज करायला एक नेमका अधिकारी, एक पत्ता आणि उत्तराची मुदत असावी. युरोपच्या निर्देशात ती सोय २०१६ पासून आहे. पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रांत सीमाभागापुरतं तरी, अर्जदाराचं नाव देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिपींत लिहून घेऊन मग इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासमोर वाचून दाखवावं. याला पैसे लागत नाहीत, माणशी दोन मिनिटं लागतात. बेळगावच्या खासदारांनी, मग ते कुठल्याही पक्षाचे आणि कुठल्याही भाषेचे असोत, हा विषय दिल्लीत काढावा. ज्ञानेश्वराचं स्पेलिंग हा मराठी-कन्नडचा वाद नाही. बाळेकुंद्रीच्या यल्लप्पाची अडचणही हीच आहे.

आणि आमच्या धंद्यातल्या मंडळींना एवढंच: प्रवाशाच्या नोंदीत प्रवाशाचाच मोबाईल टाका. त्याच्याकडे नसेल तर मुलाचा, सुनेचा, शेजाऱ्याचा टाका. आपला नको.

आपले,
पासपोर्ट, व्हिसा व तिकिटांची कामं करणारे काही जण,
बेळगाव–खानापूर